तांडेलाच्या हातांची होडी

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं आमच्या घरात ठरलेलं आहे. तिच्यातला तांडेल, म्हणजे होडीवरचा प्रमुख, आमच्याच घरातला होता. तरीही सांगते.

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. पाण्याच्या मधोमध वाळूची एक लांब पट्टी होती, ती ओहोटीला उघडी पडे. गावातल्या बायका चालत तिकडे जात, वाळूतल्या तिसऱ्या शिंपल्या उकरत, खडकावरची कालवं कोयतीने सोडवत आणि भरतीच्या आत परत येत. एका वर्षी भरती लवकर चढली आणि त्यांच्यातली यमुनी परत आली नाही. तेव्हा गावाने ठरवलं, बायकांसाठी एक लहान होडी बांधायची. वारा नसेल तेव्हा वल्हवायची, असेल तेव्हा शीड लावायचं.

होडी कशी असावी, हे ठरवायला पुरुष बसले. हिरोजी तांडेल त्यांचा म्होरक्या. बायकांना कुणी बोलावलं नाही.

त्या गावात एक चांगली रीत होती. होडीचं माप हातांवरून घेत. जो वल्हवणार, त्याने सुताराच्या दोरीवर दोन्ही हात पसरायचे. बाक कुठे बसवायचं, वल्हं केवढं करायचं, ते त्यावरून ठरे. दुसरीही एक रीत होती. होडी बांधायच्या मांडवात बाईने पाऊल टाकायचं नाही. आजवर या दोन रीती एकमेकींच्या आड आल्या नव्हत्या. या वेळी आल्या, तर कुठली सोडायची याचा कुणी विचारसुद्धा केला नाही.

यमुनीची जाऊ द्वारकी हिने घरीच दोरीवर हात पसरून गाठी मारल्या आणि ती मांडवाबाहेर येऊन उभी राहिली.

"हे आमचं माप," ती म्हणाली. "होडी बसकी आणि रुंद करा. शिडाची काठी आखूड ठेवा, आम्हाला उतरवता आली पाहिजे."

"काय गो, होडी बांधायला शिकलीस कधी?" हिरोजी हसला. "उद्या आम्हाला तिसऱ्यांचं कालवण शिकवायला बोलावशील."

सगळे हसले. हिरोजीने ती दोरी घेतली आणि मांडवाचा सुटलेला झावळ्यांचा झाप त्याच दोरीने बांधून टाकला.

सोमा सुतार हळूच म्हणाला, "तांडेल, वल्हवणार बायका आहेत."

"वल्हवतील की. पण नारळी पौर्णिमेला ही होडी शर्यतीत उतरणार आहे. लोक शीड बघतात, सोमा. बाकं कोण बघतो?"

मग गावातल्या सगळ्यांत उंच माणसाने, म्हणजे त्यानेच, दोरीवर हात पसरले. सोमाने माप घेतलं. नारळ फुटला.

होडी झाली ती लांब, अरुंद आणि देखणी. काठी माडाच्या शेंड्याशी बोलेल एवढी उंच. गावाने हिरोजीची पाठ थोपटली. ज्यांच्यासाठी होडी बांधली, त्यांनी ती पाण्यात उतरल्यावर पहिल्यांदा पाहिली.

पहिल्याच दिवशी बायका वाळूवरून परत निघाल्या आणि वारा उठला. उंच शीड फुगलं, होडी कलंडली, काठावरून पाणी आत आलं. शीड उतरवायला गेल्या तर दोर वर अडकला. वल्ही मारायला गेल्या तर पाय समोरच्या फळीला टेकेनात आणि वल्ह्याची मूठ हातात पुरती येईना. पाणी पोटऱ्यांपर्यंत चढलं. यमुनी जिथे गेली, ती जागा समोर दिसत होती.

"टोपल्या फेका," द्वारकी म्हणाली. बायकांनी दिवसभराची मेहनत पाण्यात ओतली. द्वारकीने कोयती उचलली आणि काठीला धरून ठेवणारे दोर एकामागून एक तोडले. काठी शिडासकट खाडीत गेली. होडी सरळ झाली. मग एकेका वल्ह्याला दोघी दोघी लागल्या आणि गुडघ्यांवर बसून, हात सोलवटत, त्यांनी ती किनाऱ्याला आणली.

हिरोजी गुडघाभर पाण्यात उभा होता. होडीत किती बायका आहेत, हे त्याने मोजलं नाही. कोण रडतंय, कुणाच्या हातातून रक्त येतंय, हे पाहिलं नाही. तो म्हणाला, "काठी कुठे आहे?"

याचा मला अजूनही राग येतो.

"खाडीत आहे," द्वारकी म्हणाली. "हवी तर जाऊन आणा."

"माझी काठी तोडायचा अधिकार तुला कुणी दिला?"

"तुमच्या बायकोला विचारा, तांडेल. ती पण होडीतच आहे."

हिरोजीने तेव्हा पहिल्यांदा होडीत नीट पाहिलं. त्याची बायको मागच्या बाकावर बसली होती, चिंब भिजलेली. ती उतरली, रिकामी टोपली तिने त्याच्या हातात दिली आणि बायकांबरोबर चालू लागली.

दुसऱ्या दिवशी बायकांनी सोमाला उघड्या वाळूवर बोलावलं. दोरी ताणली गेली आणि एकेकीने हात पसरले. हिरोजी लांबून बघत होता. त्याला कुणी बोलावलं नाही.

तात्पर्य: ज्याला वल्हवायचं आहे त्याला न विचारता जो होडी बांधतो, तो दुसऱ्याच्या जिवावर स्वतःचा मोठेपणा बांधतो. आणि ज्या होडीत आपल्याला बसायचं आहे, तिचं माप चुकताना दिसलं तर आपण गप्प राहू नये, मोठ्याने बोलावं, कारण एकदा का आपण—

हो काकी, आले. नाही, कुणाला काही सांगत नव्हते.