सरळ केलेल्या रेघा

"पण या रेघा अशा का, बुवा? एक भरीव, एक तुटक, एक दुहेरी... एका फॉर्मचा दुसऱ्याशी मेळ नाही."

धोंडीबुवा खिडकीशी बसून नदीकडे बघत होते.

"माणसं जशी आली, तशा रेघा," ते म्हणाले.

मकरंद ओगले मनातून सुखावला. असलं एखादं वाक्य कानावर पडावं म्हणून तर तो पाच महिने सांगवीच्या या घाटावर येऊन राहिला होता. त्यानं झोळीतून डायरी काढली, वर तारीख घातली आणि वाक्य सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं.

मग तो कॉम्प्युटरकडे वळला आणि रेघा सरळ करायला बसला.

मकरंद शहरात चौदा वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवत होता. त्याच्या हाताखालून हजारो मुलं गेली आणि टाइप करायला शिकली. पुढे कशातच राम वाटेना, तेव्हा तो गुरू शोधत निघाला. गुरू त्याला हवा होता हे खरं, पण गुरूनंही आपल्याला ओळखावं, हे त्याला त्याहून जास्त हवं होतं.

धोंडीबुवा प्रवचन करत नसत. संगमावर, बसस्टँडवर, दवाखान्याच्या मागच्या खोलीत कुणी बेवारस मेलं की माणसं बुवांना बोलवायची. बुवा त्याला आंघोळ घालायचे, अग्नी द्यायचे आणि घरी येऊन त्याच्या नावानं एक फॉर्म भरायचे. एकतीस वर्षं त्यांचं एवढंच चाललं होतं.

आधी हे सगळं वह्यांत होतं. एका पुरात वह्या गेल्या. तेव्हा बुवांची स्मरणशक्ती शाबूत होती. शाळेनं टाकून दिलेला एक कॉम्प्युटर त्यांनी मागून आणला आणि वर्षभर दोन बोटांनी टकटक करत एकेक मेलेला माणूस आठवून पुन्हा लिहून काढला. पुढे आलेल्यांचीही त्यात भर पडत गेली. सगळे मिळून चारशे बारा फॉर्म झाले होते.

पण काय ते फॉर्म... रिकाम्या जागेसाठी बुवांनी आडव्या रेघेचं बटण दाबून धरलेलं. तिथे नाव टाइप केलं की रेघ पुढे सरकायची, वय खालच्या ओळीवर पडायचं आणि तारीख पार कोपऱ्यात जाऊन बसायची. नावाखालच्या रेघेचा तर काही धरबंधच नव्हता. भातात खडा लागावा तसं मकरंदला प्रत्येक फॉर्मपाशी होत होतं.

दोन दिवस त्यानं मान वर केली नाही. प्रत्येक फॉर्मला नीट टेबल केलं. रकान्याची खालची कड तेवढी ठेवली, म्हणजे नाव कितीही लांब असो, रेघ जागची हलणार नाही. मग 'शोधा आणि बदला' ही आज्ञा दिली, आणि तुटक, दुहेरी, वाकडी, सगळी रेघ एकजात सरळ झाली. जुन्या फायली त्यानं पुसून टाकल्या. एकाच नावाच्या दोन फायली त्याला खपत नसत.

त्यानं बुवांना पडदा दाखवला. बुवांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

"बरं," ते म्हणाले.

एवढंच. मकरंदला ते लागलं. पाठ थोपटायला काय जातं, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि ते आल्याची त्याला लाजही वाटली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी दारात एक बाई उभी राहिली.

पन्नाशीची असेल. हातात कापडी पिशवी, पायांत तुटत आलेल्या चपला. चपला बाहेर काढून ती उंबऱ्याच्या आत आली आणि भिंतीला टेकून बसली. तिचं नाव शेवंता घुले.

"चौकीतनं पाठवलंय," ती म्हणाली. "त्यांच्या कागदावर निस्तं अनोळखी लिवलंय. नाव बुवांकडं असतंय म्हनले."

"कुणाचं नाव, माय?"

"मालकाचं. सात वर्सं झाली. संगमाच्या जत्रंला म्हनून गेलं ते आलंच न्हाईत."

तिनं पिशवीतून एक कागद काढला आणि जपून उलगडला. लग्नपत्रिका होती, कच्ची छापलेली. वर गणपती, खाली मुलीचं नाव आणि त्याखाली 'आमची ज्येष्ठ कन्या'. आईबापांच्या ओळीत बापाच्या नावाआधी प्रेसवाल्यानं मोकळी रेघ सोडली होती.

"हितं श्री. लिवायचं का कै., ते सांगा म्हनतो प्रेसवाला. आज सांजंपतूर थांबतो म्हनलाय."

मकरंदनं पत्रिका हातात घेतली आणि परत दिली.

"कै. लिवलं तर कन्यादान दीर करनार," शेवंता म्हणाली. "मी मग मांडवाच्या मागं. हळदीला हात लावायचा न्हाई, पोरीच्या वटीला हात लावायचा न्हाई. श्री. असलं तर मी म्होरं बसनार. दीर म्हनतो, त्यो मेलाच हाय, लिव्ह कै. मी म्हनलं, मला कागद दाव. मेल्याचा कागद दाव, मग लिवते."

तिनं मान दाराकडे वळवली.

"दीर भाईर रिक्षात बसलाय. कागद बघितल्याबिगर हलनार न्हाई."

"नाव काय मालकांचं?" मकरंदनं विचारलं. त्याची बोटं केव्हाच कळफलकावर गेली होती.

"मारुती."

जत्रेचा महिना, सात वर्षांपूर्वीचं साल, नाव मारुती. पूर्वी बुवांना असा एक फॉर्म हुडकायला अर्धा दिवस जायचा. मकरंदनं डोळ्याचं पातं लवायच्या आत काढून दाखवला. महिन्यात त्या नावाचा एकच फॉर्म होता.

"सापडले," तो म्हणाला. आवाजात जिंकल्यासारखं काहीतरी होतं. बाईचा चेहरा दिसला आणि त्याला जीभ चावावीशी वाटली.

"वाचा," शेवंता म्हणाली.

त्यानं हळू आवाजात वाचलं. नाव, मारुती. पुरुष. वय चाळीस ते पंचेचाळीस. सदरा पांढरा, पँट खाकी. अंगावरच्या खुणा, पाण्यात राहिल्यानं समजत नाहीत.

"पांढरा सदरा समद्यांचाच असतोय," ती स्वतःशी बोलल्यासारखं बोलली. मग बुवांकडे वळली. "ह्योच का, बुवा?"

धोंडीबुवा खिडकीपासून उठले, चाचपडत आले आणि मकरंदच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"रेघ कसली आहे?"

"कसली म्हणजे?"

"नावाखालची. मला दिसत नाही. कसली आहे?"

"सरळ आहे, बुवा," मकरंद म्हणाला. "सगळ्याच सरळ आहेत आता. तुम्हाला दाखवल्या होत्या ना परवा."

बुवांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"वार?"

"कसला वार?"

"त्या तारखेचा वार बघ."

मकरंदनं बघितला.

"शनिवार."

बुवांनी डोळे मिटले.

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. शेवंतानं पदर सावरला, पण ती उठली नाही.

"माय," बुवा म्हणाले, "मेलेल्याला तिलांजली द्यायची तर त्याचं नाव घ्यावं लागतं. गोत्र ठाऊक नसलं तर काश्यप म्हणतात. नावाला तशी सोय नाही. म्हणून ज्याचं नाव कळलं नाही, त्याला मी नाव द्यायचो... वारावरून. सोमवारी महादेव. गुरुवारी दत्तू."

"आन् शनवारी?"

"मारुती."

शेवंता बुवांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मंजे ह्यो मारुती तुमी ठिवलेला?"

"तेच कळावं म्हणून रेघा होत्या," बुवा म्हणाले. "मरण्याआधी कुणी आपलं नाव स्वतः सांगितलं, तर त्या नावाखाली भरीव रेघ. ती त्याची. खिशातल्या चिठ्ठीवर सापडलं, हातावर गोंदलेलं निघालं, तर तुटक. ती कागदाची, कातड्याची. आणि दुहेरी रेघ होती ती माझी. मी ठेवलेल्या नावाची."

मकरंदनं पुसलेल्या फायलींची जागा उघडली. ती त्यानंच रिकामी करून ठेवली होती. माउस हलवून त्यानं इथे बघितलं, तिथे बघितलं. चारशे बारा फॉर्म एकापाठोपाठ एक उघडत गेले. सरळ, स्वच्छ, एका लांबीची रेघ. महादेव, दत्तू, मारुती, खंडू... कुठलं नाव आईबापांनी ठेवलेलं आणि कुठलं बुवांनी, काही म्हणजे काही कळायला मार्ग नव्हता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे चारशे बारा माणसं रिकामी झाली होती.

"बुवा, तुम्हाला आठवत असेल," तो घाईनं म्हणाला. "नीट आठवा. जत्रेचे दिवस. पांढरा सदरा."

"आठवत होतं तोवर लिहून ठेवलं," बुवा म्हणाले. "आता चेहरे येतात समोर. पण पाण्यातून काढलेले चेहरे... सगळे सारखेच असतात."

"मग मला सांगायचं होतं." मकरंदचा आवाज चढला. त्याला स्वतःचाच राग आला होता आणि तो राग ठेवायला दुसरी जागा नव्हती. "रेघांना अर्थ आहे, एवढं एक वाक्य सांगायला काय झालं होतं? मी विचारलं होतं तुम्हाला. इथेच बसून विचारलं होतं."

"सांगितलं की."

"कधी?"

"तू लिहून घेतलंस."

मकरंदनं झोळीत हात घातला. डायरी उघडली. पाच महिन्यांची पानं भरली होती. बुवा चहाला नाही म्हणाले तेही त्यानं टिपून ठेवलं होतं आणि खाली अपरिग्रह असं लिहिलं होतं. शेवटच्या पानावर तारीख होती. तारखेखाली सुवाच्य अक्षरात ओळ होती. 'माणसं जशी आली, तशा रेघा.' आणि ओळ फार आवडली म्हणून त्यानं तिच्याखाली पट्टी धरून एक सरळ रेघ मारली होती.

त्यानं डायरी मिटली.

"बाई," तो शेवंताला म्हणाला, "तुम्ही श्री. लिहा. कुणाला काय कळणार आहे? मी सांगतो दिरांना, इथे तसा कागदच नाही म्हणून."

"खोटं नगं," शेवंता म्हणाली. "खोटंच लिवायचं असतं तर हितवर कशाला आले असते? उद्या ते खरंच मेल्यालं असलं, आन् मी नटूनथटून म्होरं बसले, तर पोरीच्या संसाराला लागल." तिनं नाक पुसलं. "आन् जित्तं असलं, आन् मीच कै. लिवलं, तर..."

हॉर्न पुन्हा वाजला. या वेळी लांबलचक वाजला.

"द्या त्यो कागद," ती म्हणाली. "छापून द्या."

"कशाला नेता?" मकरंद काकुळतीला आला. "या कागदावरून काहीच सिद्ध होत नाही."

"तुमाला ठाव हाय, मला ठाव हाय. दिराला कुटं ठाव हाय? न्हाई दिला तर म्हनल, लपिवला. त्यो कागद बघनार, मारुती वाचनार, आन् लगीच प्रेसवाल्याला फोन लावनार."

मकरंदनं बुवांकडे बघितलं. बुवांनी मान हलवली.

"दे. आपल्याकडे आहे तो कागद तिचा आहे."

प्रिंटर घरघरला. कागद बाहेर आला. फॉर्म खरोखरच देखणा झाला होता. रकाने सारखे, अक्षर ठसठशीत, आणि नावाखाली काळीभोर, ताठ रेघ. एखाद्या सरकारी कचेरीतही असा नेटका कागद मिळाला नसता. बघणाऱ्याला वाटावं, यात शंका घ्यायला जागाच नाही.

मकरंदनं तो शेवंताच्या हातात दिला.

शेवंतानं कागद मांडीवर ठेवला. बोट टेकवून ती अक्षरं लावत गेली. मा... रु... ती. मग बोट खाली घसरलं आणि रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं.

"भरीव असती तर त्येंची," ती म्हणाली. "तुटक असती तर कागदाची. दुहेरी असती तर तुमची."

"हो, माय."

"मग ही रेघ कुनाची, बुवा?"

धोंडीबुवांनी आपला हात मकरंदच्या खांद्यावर ठेवला. पाच महिन्यांत पहिल्यांदाच ठेवला.

"ह्याची."