शून्य लागण

“...पण पेशी विषाणूला आत घेतेच कशाला?” येल्हाबाईंनी विचारलं.

डॉ. केतकी ढोले हसली. असे प्रश्न तिला परिषदांमध्ये विचारले जात, तेव्हा ती पडद्यावर चित्रं दाखवी. सातपुड्याच्या पायथ्याच्या या मठात पडदा कुठला? ओसरीवर समोर ऐंशी उलटलेली तपस्विनी तांदूळ निवडत बसली होती.

“बाई, पेशीला जगायला लोह लागतं. ते आत घ्यायला तिच्या अंगावर रिसेप्टर असतात, दारंच म्हणा. आम्ही ज्या विषाणूवर काम करतो, तो नेमका त्यालाच चिकटतो. पेशीला वाटतं, लोहच आलं. ती त्याला आत ओढून घेते.”

“म्हणजे तो फोडून शिरत नाही.”

“नाही. तिच्याच गरजेतून शिरतो.”

“मग तू काय केलंस?”

“तो रिसेप्टरच काढून टाकला!” केतकीचा आवाज चढला. पुण्याच्या प्रयोगशाळेत तिने यावर सहा वर्षं घालवली होती. “एकही विषाणू आत गेला नाही, बाई. लागण शून्य.”

“आणि पेशी?”

“पेशींना विषाणूने काही केलं नाही.”

“मी विचारलं, जगल्या का?”

केतकीने तांदळाकडे पाहिलं.

“नाही... लोह मिळेना. पाचव्या दिवशी मेल्या.” मग तिने घाईने जोडलं, “पण लागण होऊन नव्हे.”

येल्हाबाईंनी एक खडा वेचून बाजूला टाकला. बोटं तांदळातून फिरत राहिली.

खरं तर केतकी पेशींबद्दल बोलायला आलीच नव्हती. तिची आई शेवंताबाई वीस वर्षं दर चैत्रात या मठात येऊन राहायची. ती गेली त्याला दोन वर्षं झाली होती. तिच्या नावाने आज मठाला जेवण द्यायचं, एवढंच केतकीने नवऱ्याला सांगितलं होतं. बाईंकडून एक वाक्य हवं होतं, ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

“साथीत तुम्ही तिला फोनवर ‘निघून ये’ म्हणालात,” ती म्हणाली. “मी येऊ दिलं नाही. आली असती तर? तुमच्या मठातले तिघे गेले.”

“गेले. तिघंही माझ्या मांडीवर गेले.”

“बघा ना! मी रोज प्रयोगशाळेत जात होते, रोज बाहेरून येत होते. विषाणू कसा शिरतो, हे मला नको कळायला? तिला मागच्या खोलीत ठेवलं. अकरा महिने. ताट उंबऱ्यावर ठेवायचं, बोलायचं ते फोनवर, मध्ये भिंत. बोटसुद्धा लावलं नाही मी तिला.”

“काय म्हणायची?”

“वेणी घालून दे, म्हणायची. हात वर जात नाही म्हणायची.”

“मग?”

“थोडं थांब, म्हणायचे मी.”

“मग?”

केतकीने ओढणीचं टोक मुठीत धरलं.

“एक दिवस रिकाम्या ताटात कापलेले केस बाहेर आले... सगळे. त्यानंतर तिने वेणीचं नाव काढलं नाही. मग ताट भरलेलंच परत यायला लागलं. डॉक्टरांनी दारातूनच औषधं लिहिली. गेली तेव्हा तपासणी केली, बाई. निगेटिव्ह. शेवटपर्यंत निगेटिव्ह. कागदावर ‘वार्धक्य’ लिहिलंय.”

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

“तुम्हीच सांगा, मी कुठे चुकले? शास्त्रात कुठे चुकले?” तिचा आवाज फाटला. “तुमच्याकडे तिघे गेले. माझ्या घरात लागण...”

पुढचा शब्द तिला ठाऊक होता. सहा वर्षांच्या कामानंतर तोच शब्द अभिमानाने उच्चारला होता तिने. आता तो ओठांवर आला आणि तिथेच अडकला.

येल्हाबाईंनी सूप बाजूला केलं. गुडघ्यावर हात टेकत त्या उठल्या, दोन पावलं पुढे आल्या आणि केतकीच्या गालाकडे हात नेला.

केतकी झटकन मागे सरली.

विचार करायच्या आधीच सरली. पाठ खांबावर आपटली तेव्हा तिला कळलं की आपण मागे आलो. समोर तो सुरकुतलेला हात तसाच हवेत होता. असा हात आपल्या गालाकडे शेवटचा कधी आला होता, हे तिला आठवेना. आठवायचा तिने खरंच प्रयत्न केला.

“सवय झालीय...” ती पुटपुटली. “साथीपासूनची सवय आहे, बाई.”

येल्हाबाईंनी हात हळूच खाली घेतला.

“साथ तर संपली, पोरी.”