भिंतीवरच्या दोन गिटारी

देव सगळ्यांचं भलं करो, ही गोष्ट वाद्यं बोलायची त्या काळातली. एका दुकानाच्या भिंतीवर दोन अर्धपोकळ इलेक्ट्रिक गिटारी टांगलेल्या होत्या, एक जुनी, एक नवी.

लग्नांत वाजवून वाजवून दमलेला शांतवन गिटार घ्यायला आला. त्यानं जुनी छेडली आणि त्याचे डोळे भरून आले. "हीच द्या," तो म्हणाला. दुकानदार पिशवी आणायला आत गेला.

"न्या, म्हातारीलाच न्या! माझा आवाज कच्चा ना!" नवी फुरंगटून पुटपुटली.

"सूनबाई, माझाही कच्चाच होता. वाजवणाऱ्याच्या हातानं पिकवला," जुनी थकलेल्या आवाजात म्हणाली. "जावंसं मलाही वाटतं गं. पण माझी मान वाकलीय. लग्नांना जाताना रोज टेम्पोत धक्के खाऊन मी मोडेन आणि बिचाऱ्याच्या पोटावर पाय येईल."

शांतवननं सूर लावला, तशी तिनं तार सैल सोडली. त्यानं पुन्हा लावला, तिनं पुन्हा सोडली.

"तूही दमलीस होय, आजी?" म्हणत त्यानं तिला हळूच जागेवर टांगलं आणि नवीला मांडीवर घेतलं. पहिला सूर कच्चाच निघाला.

"होईल गोड," तो म्हणाला आणि वाजवत राहिला. तेव्हा भिंतीवरच्या जुनीच्या तारा, कुणी हात न लावता, गुणगुणू लागल्या.