भिमाक्का पळाली नाही

साहेब, खोटं तुम्ही बोललात. भर सभेत, माईक हातात धरून बोललात, की ज्याच्या मनात पाप असतं तोच पोलिसांना बघून पळतो. टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर टाळ्या वाजवणारे मैदानाच्या मागच्या भिंतीवरून उड्या मारून घरी गेले, कारण पुढच्या दाराशी बंदोबस्त होता. तेवढं तुमच्या नजरेतून सुटलं. म्हणून ही गोष्ट.

एक होतं रान. रानाला राजा होता, वाघ. तो निवडून आलेला होता. त्याच्याविरुद्ध उभं राहायला कुणालाच मनाई नव्हती. उभा राहिलेला फक्त नंतर दिसत नसे. राजाला एक मेहुणा होता, कोल्हा. वाघाचा मेहुणा कोल्हा कसा, असं एका माकडानं विचारलं होतं. हल्ली ते माकड काही विचारत नाही.

मेहुण्याच्या कमरेला रानाच्या कोठाराची किल्ली होती. उन्हाळ्यात कुणी उपाशी राहू नये म्हणून सगळ्यांनी आपल्या तोंडचं काढून ते कोठार भरलेलं. मोहाची फुलं, कंद, धान्य, बी-बियाणं. आणि राखण करायला पोलीस होते. कोळसुंदे. लाल अंगाचे, झुपकेदार शेपटीचे रानकुत्रे. त्यांना एकच काम शिकवलेलं, पळेल त्याच्या मागं लागायचं.

त्यामुळे सगळं रान पळत असे. भेकराच्या घरची वरात पळतच निघायची, म्हणजे वाटेत वेगळं पळायला नको. चोरीची तक्रार द्यायला गेलेला मोर चौकीच्या दारात फौजदार दिसला की तक्रार पोटात ठेवून परत पळायचा. पोर जन्मलं की आधी पळायला शिकवत. चालणं मग सवडीनं.

पळत नव्हती ती एकटी भिमाक्का. भिमाक्का म्हणजे खवलेमांजर. अंगभर खवले, तोंडात एक दात नाही, खाणं काय तर मुंग्या नि वाळवी. भ्याली की ती अंगाची गुंडाळी करून भोपळ्यासारखी पडून राहायची. तिच्या आईनं तिला तेवढंच शिकवलं होतं. शेपटीवर तिचं पोर बसलेलं असायचं, बोंडू. गुंडाळी झाली की बोंडू आत, पोटाशी.

तिचा शेजारी पांडबा ससा तिच्यावर वैतागायचा.

"आक्का, शिट्टी ऐकू येत नाही का तुला?"

"येते की."

"मग पळ की!"

"मी काय केलंय पळायला?"

पांडबानं कपाळावर पंजा मारून घेतला. "अगं बाई, काही केलं नाहीस म्हणून तर पळायचं! केलेले कुठं पळतात? केलेले चौकीत खुर्चीवर बसून चहा पितात."

"राजा म्हणाला ना, खऱ्याला भय नाही."

"राजाला पकडायला कोण येतंय?" पांडबा म्हणाला, आणि वाक्य संपायच्या आत टेकडीपलीकडे गेला.

एका सकाळी कोठार रिकामं सापडलं. कुलूप जागच्या जागी. किल्ली मेहुण्याच्या कमरेला. मेहुण्याला कमरेचा पट्टा तेवढा पुरेना.

निवडणूक तोंडावर आलेली. राजानं फौजदाराला बोलावलं. फौजदार होता हाडमोडे, जातीचा तरस, बोलायच्या आधी हसायची सवय. राजा म्हणाला, "संध्याकाळच्या सभेआधी चोर पाहिजे." हाडमोडे हसला आणि कोळसुंदे घेऊन पाणवठ्यावर गेला. शिट्टी वाजली. पाणी प्यायला आलेलं सगळं रान अर्धा घोट तोंडात घेऊन पळालं. मागं उरला एक भोपळा.

कोळसुंद्यांनी भोपळ्याभोवती रिंगण धरलं. त्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली. असला प्रसंग अख्ख्या नोकरीत आला नव्हता.

"साहेब, ही पळत नाही," हवालदार म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे... इथंच आहे."

"मग पळव तिला. मूर्खा, पळाल्याशिवाय पकडायची कशी?"

हवालदार वाकला. "अहो बाई, जरा पळता का? चार पावलं पळा फक्त. पुढचं आम्ही बघतो."

गुंडाळीतून आवाज आला, "मी नाही पळायची. मी काही केलेलं नाही."

"सरकारी कामात अडथळा," हाडमोडे हसून म्हणाला. "आणि हे मधे फुगलंय ते काय?"

"माझं पोर आहे."

"सगळे असंच म्हणतात. कोठारातला माल आहे तो."

"साहेब, मला दात नाहीत हो. कंद चावू कशानं?"

"दात नाहीत!" हाडमोडे कोळसुंद्यांकडे वळला. "बघा. पुरावा नष्ट केला."

तिला लोटत लोटत राजाच्या चौथऱ्यापर्यंत नेलं. सगळा उतारच होता, त्यामुळे आरोपी स्वतःहून हजर झाली असं सांगता आलं.

संध्याकाळी सभा झाली. राजा चौथऱ्यावर चढला. "माझ्या रानबांधवांनो! तुमच्या तोंडचा घास या गोळ्यात आहे! पण मी दयाळू आहे. मी तिला फाडत नाही. मी तिला विनंती करतो. गुंडाळी सोडा..."

"रान जोडा!" कोळसुंदे ओरडले. मग त्यांनी झाडांमागं बघितलं, आणि झाडांमागं लपून ऐकणारेही ओरडले.

दोन दिवस झाले तरी तिनं गुंडाळी सोडली नाही. मग फर्मान निघालं की रानात गोल असणं गुन्हा आहे, कारण गोल वस्तूच्या आत काय आहे ते सरकारला दिसत नाही. गोगलगायींना शंखाबाहेर काढलं. पायाला लागल्यावर वेटोळं होणारे वाणी किडे धरपकडीत सापडले. कवठाचं झाड घाबरून कच्चीच फळं टाकायला लागलं. मेहुण्याचं पोटही गोल होतं. पण ते पद होतं, पोट नव्हतं.

आणि चौथऱ्यावर, खवल्यांच्या आत, बोंडू रडायला लागला.

"आये, भूक."

"गप रे माझ्या सोन्या."

"आये, उघड ना. मुंग्या."

भिमाक्कानं अंग आणखी आवळलं. अंगात दूध राहिलं नव्हतं. तिला कळत होतं, की ती आता धरून बसली तर पोर पोटाशीच मरणार, आणि मेल्यावर बाहेर काढलं तर हे म्हणणार, बघा, हिनंच मारलं.

राजा स्वतः जवळ आला. मिशा तिच्या पाठीला लागल्या. "आक्का," तो गोड आवाजात म्हणाला, "सगळ्या रानासमोर शब्द देतो. पोर निघालं तर पोर घेऊन घरी जा."

करवंदीच्या जाळीतून पांडबा किंचाळला, "आक्का, उघडू नको!" आणि पळाला. त्याच्यामागं निम्मे कोळसुंदे इतक्या आनंदानं धावले की सुट्टी लागल्यासारखं वाटलं.

पण भिमाक्का खरी होती. आणि खऱ्याला भय नाही, हे तिनं राजाच्याच तोंडून ऐकलं होतं. तिनं हळूहळू अंग उलगडलं.

पोटावर बोंडू होता. खवले अजून मऊ, कच्च्या काजूसारखे. डोळे मिचकावत होता. समोर इतके सगळे बघून त्याला वाटलं आपला काही सण आहे. त्यानं सवयीनं जीभ बाहेर काढली आणि राजाच्या पंजावरची एक मुंगी टिपली.

झाडांमागून माना बाहेर आल्या. मग मोराच्या तोंडून निसटलं, "पोरच आहे की."

हाडमोडे खाकरला. "मुद्देमाल हस्तगत झाला."

"साहेब," हवालदार कुजबुजला, "ते पोर आहे."

"कोठारभर धान्य खाल्ल्यावर पोर होणारच. धान्याचंच झालंय ते. उचल."

"आणि राजांचा शब्द?"

"राजे म्हणाले, पोर निघालं तर. निघाला मुद्देमाल."

राजानं मान डोलावली. तो शब्दाचा पक्का होता, म्हणून भिमाक्काला त्यानं त्याच वेळी सोडून दिलं. बोंडूला शेपटीला धरून कोठाराकडे नेलं. तो जाताना आईकडे बघून हात हलवत होता, म्हणजे पंजा. भिमाक्का मागं पळाली. आयुष्यात पहिल्यांदा पळाली, मागच्या दोन पायांवर, पडत, धडपडत. लगेच एक कोळसुंदा ओरडला, "पळाली! म्हणजे चोरच!"

राजा निवडून आला. पुढं त्यानं घुबडाचा आयोग नेमला, की जनता पोलिसांना बघून पळते का? घुबडानं दिवसाढवळ्या पाहणी केली आणि अहवाल दिला, की जनतेला व्यायामाची आवड आहे. त्या दिवसापासून रानात दरवर्षी दौड असते. कोळसुंदे मागं असतात, प्रोत्साहनाला.

भिमाक्का चौकीवर जाते. पायरीवर उभी राहते. पळत नाही. हवालदार खाली बघून सांगतो, "आक्का, मुद्देमाल कोठारात जमा आहे." ती कोठारावर जाते. मेहुणा दारातच उभा असतो. "कोठार तर रिकामं आहे, बाई. स्वतः राजांनी जाहीर केलंय. रिकाम्या कोठारात काय असणार?" ती परत चौकीवर येते.

तर साहेब, ती उभी आहे. तुम्ही सांगितलंत तशी, पळत नाही. बाकीचे का पळतात ते नंतर विचारा, त्यांचा आयोग झालाय.

आधी सांगा, पोर कुठं आहे?