चिरेवाडीची बोळकी

चिरेवाडीत शिरण्याआधी डाव्या हाताला जे लालसर टेकाड लागते, ते नुसत्या मातीचे नव्हे, फुटक्या बोळक्यांचे आहे. पाहुणे त्यावर बुटांसकट चढतात आणि फोटो काढतात. मग भैरोबाच्या देवळातले शिवाप्पा गुरव त्यांना खाली बोलावतात, ओट्यावर बसवतात आणि जरा घुश्शातच सांगू लागतात. या गावातले मूल पाटीच्या आधी माती हातात घेते. स्वतःचे बोळके घडवते, आणि ते आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, भाजायला ठेवण्यापूर्वी सगळ्यांसमोर त्यातला दोष सांगते. कौतुक वाटले ना, असे म्हणून शिवाप्पा एकेकाकडे बघतात. कौतुकबिवतुक काही नाही. हा एका बाईने उगवलेला सूड आहे.

फार मागे एका पावसाळ्यात गावच्या तलावाचा बांध फुटला म्हणे, आणि खालची उभी पिके वाहून गेली. बांध फोडला होता हैबतराव पाटलाच्या माणसांनी, त्याच्या मळ्याकडे पाणी वळवायला. पहारी घेऊन जाताना त्यांना अर्ध्या गावाने पाहिले होते. पण पाटलाचे नाव घ्यायचे कुणी? मग बोट वळले सटवा कुंभाराकडे. तो तलावकाठची माती उकरायचा, त्यानेच बांध पोकळ केला, असे ठरले. भैरोबापुढे एकेकाने बेलभंडारा उचलून खोटी शपथ घेतली, सगळ्यात आधी पाटलाने. सटव्याला गावाबाहेर काढले. त्या थंडीत तो उघड्या माळावर तापाने गेला. त्याच्या तिरडीपुढचे मडके त्याच्या बायकोने, चिमाईने, स्वतःच्या हाताने घडवले, असे सांगतात.

राख सावडताना ती काय बोलली ते ऐकायला तिथे कुणीच नव्हते, तरी गावाला ते तोंडपाठ आहे. "यांची घरं जाळायची न्हाईत मला. यांच्या पोटच्या पोरांच्या तोंडून खरं वदवीन."

कुंभाराशिवाय गाव अडते. मडके नसेल तर लग्न लागत नाही आणि मयतही उठत नाही. वर्ष सरायच्या आत गावकरी चिमाईला परत बोलवायला गेले. तिने एकच अट घातली, की लहान पोरांना माझ्या अंगणात मातीत खेळू द्यायचे. बिचारीला मूलबाळ नाही, जीव रमवत असेल, असे म्हणून सगळे हो म्हणाले. गाव किती भाबडे असावे, याला काही सुमार?

चिमाईने पोरांना गोष्टी सांगितल्या नाहीत की उपदेश केला नाही. माती मळायला दिली. पोरांची बोळकी सुकताना चिरायची, आणि काही जण चिरेवर ओला हात फिरवून ती लपवायचे. चिमाईला ते दिसायचे. ती मुकाट्याने बोळके आव्यात ठेवायची. आवा उघडला की ते फुटलेले असायचे आणि शेजारच्या बोळक्यांचीही वाट लागलेली असायची. ज्याने लपवले तो रडायचा, ज्याचे नाहक फुटले तो त्याहून जास्त रडायचा. चिमाई रागवत नसे आणि डोळेही पुसत नसे. खापरे वेचून वेशीबाहेर टाकायला लावायची, बस्स. पण ज्याने आधीच "चीर हाय" म्हटले, त्याला ती एक अक्षर न बोलता नवी माती द्यायची.

पोरे शिकली. घरी दूध सांडले तर आपणहून सांगू लागली. आया म्हणायच्या, चिमाईने पोरांना चांगले वळण लावले. वळण लावतच होती ती. ते कुणाच्या अंगावर वळणार आहे, हे मात्र कुणाच्या डोक्यात शिरले नाही.

इकडे तलावाचा बांध पुन्हा पुन्हा घालावा आणि तो पुन्हा पुन्हा खचावा, असे चालले होते. शेवटी देवाला कौल लावला. गावाच्या माथी पाप नाही अशी शपथ घेऊन पहिला दगड बसवा, असा कौल निघाला. हैबतराव आता म्हातारा झाला होता. सगळे गाव देवळात जमले, पोरेही आली. खांबाला टेकून चिमाई उभी होती. पाटलाने बेलभंडाऱ्याला हात घातला, तशी त्याची नात मैना पुढे आली. आजोबा ओसरीवर चार माणसांत बांधाची गोष्ट हसत हसत सांगायचे, ती तिने कितीदा ऐकली होती.

"आबा, चीर हाय," ती म्हणाली. "बांध तुमच्या माणसांनी फोडलाय. आधी सांगा, न्हाईतर समद्यांचंच फुटंल."

पाटलाचा हात तिथेच थांबला. मागून एक पोरगा म्हणाला, "माझ्या बाच्यात बी हाय. त्यानं पहारी बघितल्या हुत्या." मग तिसरे बोलले, चौथे बोलले. आयांनी पोरांची तोंडे दाबली, पण किती दाबणार? ज्यांनी ज्यांनी शपथ घेतली होती, त्यांची नावे त्यांच्याच पोरांनी भर देवळात घेतली. चिमाई ऐकत होती. त्या दिवशी तिच्या तोंडावर जे हसू आले ते पाहून बायका दोन पावले मागे सरल्या, असे म्हणतात.

पाटलाने पागोटे काढून तिच्या पायांवर ठेवले. तिने ते उचलले नाही.

"भाजल्यावर चीर बुजत न्हाई, पाटील," ती म्हणाली. "पोरांना माती लागती. ती तुमी वाहायची. अनवाणी, डोक्यावरनं."

"कवापातूर?" पाटलाने विचारले.

चिमाई पागोटे ओलांडून देवळाबाहेर पडली. पाटील वर्षानुवर्षे माती वाहत राहिला आणि दर खेपेला तेच विचारत राहिला. मग तो गेला, त्याचा मुलगा टोपले घेऊन आला. मग एक दिवस चिमाईही गेली, उत्तर न देता.

आजही चैत्रात पोरांच्या बोळक्यांसाठी तलावावरून माती येते, ती पाटलांच्या घरातला थोरला कर्ता माणूसच आणतो. सध्याचे पाटील साठी ओलांडलेले आहेत, गुडघे दुखतात, स्वभावाने गरीब माणूस. उन्हात टोपले घेऊन येताना दिसले की कुणीतरी पाहुणा हमखास कळवळतो आणि म्हणतो, इतक्या पिढ्या झाल्या, आता पुरे करा की. शिवाप्पा मान हलवतात.

पुरे म्हणायचा हक्क एकट्या चिमाईचा होता, ते सांगतात, आणि ती म्हणाली नाही.