तिसरी हाक

एका राज्यात दिवे लागत, पण उजेड पडत नसे. समईत तेल असे, वात असे, ज्योतही चांगली बोटभर उभी राही. पण तिच्यापुढे धरलेला हात काही दिसत नसे. दिवस मावळला की राजापासून रखवालदारापर्यंत सगळे भिंती चाचपत चालत. लोकांना त्याची इतकी सवय झाली होती, की परगावचा पाहुणा ठेचकाळला तर ते त्यालाच हसत.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. राजा धैर्यशीलाची राणी कुमुदिनी राजवाड्यात होती तोवर दिवे दिव्यांसारखेच जळत. मग एक वर्ष फार वाईट गेलं. पागेतले घोडे मेले, गोड्या विहिरीचं पाणी मचूळ झालं आणि राणीच्या पोटी आलेला युवराज न रडताच गेला. राजाने दरबारच्या मांत्रिकाला, कालकेतूला, विचारलं, "हे कशामुळे?" कालकेतूने डोळे मिटले, उघडले आणि सांगितलं, "राणीसाहेबांच्या अंगी वाईट शिरलं आहे."

झालं! वाईटाला घालवायची त्या राज्यात एकच रीत होती. मीठमोहऱ्या आणि सोनंनाणं ओवाळायचं, वेशीबाहेर टाकायचं आणि मागे वळून न पाहता घरी यायचं. राजाने राणीला वेशीबाहेर नेलं, ओवाळलं, तिलाही तिथेच सोडलं आणि मागे वळून न पाहता तो घरी आला. रीत अगदी चोख पाळली. त्याच संध्याकाळी दिव्यांचा उजेड गेला. घोडे पुढेही मधूनमधून मरतच राहिले, पण तिकडे कोणी लक्ष दिलं नाही.

राजकन्या तरंगिणी तेव्हा आईचा पदर धरून चालण्याएवढी होती. त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला वेशीपलीकडून हाक येई, "तरंगेऽ... तरंगेऽ..." आवाज हुबेहूब आईचा. पोर खिडकीकडे धावे. दाई तिला कवटाळून म्हणे, "ओ देऊ नका, बाईसाहेब. माणूस असेल तर तीनदा हाक मारतं. वाईटाला दोनच हाकांपुरता दम असतो. तिसरी ऐकल्याखेरीज ओ द्यायची नाही."

आणि तिसरी हाक कधी आलीच नाही.

तरंगिणी मोठी झाली, घोड्यावर बसू लागली, दरबारात बोलू लागली. पण दिवेलागणीला ती असेल तिथे थांबे. पहिली हाक येई, दुसरी येई, आणि मग ती श्वास धरून उभी राही. आईची आठवण अशी दाटून येई, की त्यानंतर तिला घास गिळवत नसे. वाईट असलं तरी असो, तिला वाटे, आवाज तर तिचाच आहे.

एके दिवशी राजाने भर दरबारात सांगितलं, "अंधाराला आम्ही कंटाळलो. कालकेतूंनी अग्निबाण सिद्ध केला आहे. अमावास्येच्या दिवेलागणीला जिथून हाक येईल तिथे तो जाईल. मग हाकही उरणार नाही आणि वाईटही."

तरंगिणी उठून उभी राहिली. "बाबामहाराज, त्याआधी मला जाऊ द्या. वाईट असेल तर मुकाट परत येईन. आई असेल तर तिला घेऊन येईन."

"आणि परत आली नाहीस तर?"

"तर बाण सोडा."

कालकेतू म्हणाला, "पलीकडे तीन वेशी आहेत. प्रत्येक वेशीत विचारावं, वाईट इथे राहतं का? जिथे होकार येईल तिथून पळत सुटावं."

अमावास्येच्या सकाळी ती निघाली. पहिल्या वेशीत उताऱ्यांचा ढीग होता. पिढ्यान्‌पिढ्या ओवाळून टाकलेली नाणी, वाळे, पैंजण, बाळलेणी. त्या सोन्याला जो शिवे त्याचा हात कोळशासारखा काळा पडे. ढिगावर एक नाग बसला होता.

"नागराज, वाईट इथे राहतं का?"

"इथे मी राहतो," नाग म्हणाला. "कोणी शेपटीवर पाय दिला तर चावतो. वाईट पुढच्या वेशीत राहतं म्हणतात."

तरंगिणीने पाय जपून टाकला आणि सोन्याला न शिवता ती पुढे गेली. दुसऱ्या वेशीत उघडा माळ होता आणि माळावर टिटवी ओरडत होती. तिचा आवाज ऐकला की राज्यातले लोक दारं लावून घेत.

"टिटवीबाई, वाईट इथे राहतं का?"

"इथे माझी अंडी आहेत," टिटवी म्हणाली. "कोणी आलं की मी दूर जाऊन ओरडते, म्हणजे येणारा माझ्याकडे बघतो आणि अंडी वाचतात. वाईट पुढच्या वेशीत असेल."

तिसऱ्या वेशीत पोहोचेतो ऊन कललं होतं. एका बोरीखाली एक बाई पाठमोरी बसून कापसाच्या वाती वळत होती. केस पांढरे झालेले.

"वाईट इथे राहतं का?"

"हो," बाई म्हणाली. "मीच ते. पोरी, पळ इथून."

आवाज रोजचाच होता. तरंगिणीचे पाय जागचे हलले नाहीत. "काय वाईट केलंत तुम्ही?"

"ते आठवत नाही. पुष्कळ आठवून पाहिलं. पण सगळे तसं म्हणाले, महाराजही म्हणाले. एवढी माणसं कशी चुकतील?"

"मग रोज हाक कोणाला मारता?"

वात वळणारा हात थांबला. "माझ्या लेकीला. राहवत नाही गं."

"तिसरी का नाही मारत?"

"तिसरी ऐकली तर ती ओ देईल. धावत येईल. माझ्या अंगचं वाईट तिला लागेल. म्हणून दोन मारते आणि तिसरी गिळते."

इतकी वर्षं ज्या शांततेला तरंगिणी कान लावून उभी राहिली, ती ही होती. तिला हुंदका आवरेना. "आई, मीच आले आहे."

राणीने पदराने तोंड झाकून घेतलं. "मग तर जाच. माझ्याकडे बघू नकोस."

"आज हाक मारलीस तर अग्निबाण येईल. तू गेलीस, की उजेड हरवलेले दिवे पुन्हा उजळतील असं बाबामहाराजांना वाटतं."

"येऊ दे. तुमच्या दिव्यांना उजेड तरी येईल."

तरंगिणीने तिचा हात धरून ओढलं, पण राणी बोरीसारखी जमिनीत रुतून बसली होती. शेवटी तरंगिणी उठली आणि राज्याच्या दिशेने चालू लागली. दहा पावलांवर तिने त्या राज्यात कोणी न केलेली गोष्ट केली. ती थांबली, मागे वळली आणि आईकडे डोळे भरून पाहत तिने हाक मारली, "आईऽ!"

दिवेलागण झाली होती. तिकडे वेशीवर राजाशेजारी उभ्या कालकेतूने बाण लावला.

"आईऽ!"

कालकेतूने धनुष्य कानापर्यंत ओढलं.

"आईऽऽ!"

राजाने झडप घालून त्याचा हात धरला. "थांबा! ही तिसरी हाक आहे. हे माणूस आहे!"

आणि बोरीखाली राणीच्या तोंडून, तिला नको असतानाही, शब्द निघाला, "ओ!"

ओ दिली, की जावंच लागतं. ती उठली. राज्यातल्या सगळ्या समयांचा उजेड एकदम भिंतींवर पडला आणि लोक कितीतरी वर्षांनी दिव्याच्या उजेडात एकमेकांचे चेहरे पाहत राहिले. ढिगातल्या सोन्याचा शापही उतरला.

मायलेकी वेशीजवळ आल्या तसा राजा धावत सामोरा गेला. उजेडात राणीचे पांढरे केस पाहून त्याने मान खाली घातली. "कालकेतू, म्हणजे वाईट नव्हतंच?"

"आपण कारण विचारलंत, महाराज. मला ठाऊक नव्हतं, आणि तसं सांगायला मी भ्यालो."

"होतं, महाराज," राणी म्हणाली. "माझ्या अंगात नव्हतं. पण मी उभी होते आणि तुम्ही मागे वळून पाहिलं नाहीत, ते होतं."

लोक ओरडले, "मांत्रिकाला ओवाळून टाका!" राणीने हात वर केला. "आता कोणालाही वेशीबाहेर टाकायचं नाही." त्या दिवसापासून ती रीत बंद झाली.

पुढे त्या राज्यात घोडे जगले, मेले, विहिरी भरल्या, आटल्या. जगात चालतं तसं सगळं चाललं. दिवेलागणीला राणी समई लावी आणि लेकीला हाक मारी. तरंगिणी शेजारच्याच दालनात असे. तिला पहिली हाक स्पष्ट ऐकू येई, दुसरीही येई. पण ती ओ देत नसे. तिसरी होऊ देई, आणि मग उठे.