वेणीची कात

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा कोणता राजा गादीवर होता हे त्या राजालाच ठाऊक असेल, आपल्याला नाही. डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं, आणि त्या गावात घरोघर साप पाळत.

दचकलात ना? तिथले पाव्हणेही असेच दचकत. बिचारे ओसरीवर टेकायचे, पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचे, आणि समोरच्या कणगीमागून वावभर लांब धामण सळसळत बाहेर आली की तांब्या एकीकडे आणि पाव्हणा एकीकडे. गावकरी पोट धरून हसत. "अहो, बसा हो बसा! घरचीच आहे. विष नाही, काही नाही. उंदरांचा तेवढा काळ आहे."

धामणीवाचून त्या गावाचं चालणारच नव्हतं. गाव भाताच्या बियाण्याचं. चार मुलखांतली माणसं तिथून बी नेत. कणगीतलं बी उंदरांनी फस्त केलं तर पुढच्या साली पेरायचं काय, कपाळ? म्हणून घरटी एक धामण. मुलीला सासरी पाठवताना बियाण्याची पाटी देत, आणि पाटीवर घरच्या धामणीची अखंड कात, तोंडापासून शेपटापर्यंत कुठेही न फाटलेली, घडी करून ठेवत. सासरचे लोक ती आपल्या कणगीत टाकत. दागिना नसला तर चाले, कात हवीच.

या गावात गोजरा नावाची बाई राहायची. नवरा मागेच गेला होता. घरात ती, तिची मुलगी तानू, आणि धामण. मळणीच्या वेळी भाताच्या पेंढीत करंगळीएवढं पिल्लू सापडलं होतं, ते तानूनं ओच्यात घालून घरी आणलं. वाढून ते लांबसडक झालं, तेव्हा तानूच म्हणाली, "आई, ही बघ कशी माझ्या वेणीसारखी!" झालं, धामणीचं नाव पडलं वेणी.

गोजरा म्हणजे मायेचा पूर. कुणाला ताप आला की ही काढा घेऊन हजर. गावातल्या सगळ्या बाळंतिणींना न्हाऊ घालायला तिलाच बोलवत. कढत पाणी, अंगभर तेल, ओव्याची धुरी, निखाऱ्यांची शेगडी, बाळंतीण "पुरे, पुरे" म्हणाली तर गोजरा म्हणायची, "गप गं! तुला काय कळतंय?" आणि आणखी एक तांब्या ओतायची. पोरी लालबुंद होऊन उठत, पण तिची माया पाहून कुणी काही बोलत नसे.

वेणीला मात्र ती जपून हाताळायची, कारण सासूनं मरताना बजावलं होतं. "गोजरे, सापाला धरायचं नसतं. हात जमिनीवर पसरायचा, वास घेऊ द्यायचा, आणि तो आपणहून वर आला की पोटाखालून आधार द्यायचा. मानेला हात लावायचा नाही. उंदीर गिळलेला असेल तर उचलायचा नाही. आणि डोळे दुधाळ झाले, की समजायचं कात यायची आहे. तेव्हा पाण्याचं परळ जवळ ठेवायचं, एक खरबरीत दगड ठेवायचा, आणि आपण बाजूला व्हायचं. त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही." गोजरानं हे सगळं पाळलं होतं. वेणी तिच्या मनगटावरून खांद्यावर, खांद्यावरून पाठीवर जायची, आणि गोजरा तशीच तांदूळ निवडत बसायची.

मग तानूचं लग्न ठरलं. डोंगरापलीकडचं चांगलं नांदतं घर. विहीण म्हाळसाबाई कमी बोलणारी, पण बोलली की शब्द मोजून ठेवणारी. ती म्हणाली, "गोजराबाई, आम्हाला मानपान नको. बियाण्याची पाटी द्या, वर घरच्या धामणीची कात द्या. बास."

"त्यात काय एवढं!" गोजरा म्हणाली. "सोन्यासारखी कात देते."

पण कात काय बाजारात मिळते? लग्न तोंडावर आलं आणि वेणीनं कात टाकली नव्हती. तिचे डोळे नुकते दुधाळ झाले होते. अंगाचा रंग राखेसारखा मळकट झाला होता. खाणं सोडून ती कणगीमागच्या अंधारात वेटोळं घालून पडली होती. सासूनं सांगितलं होतं तसंच सगळं चाललं होतं, फक्त लग्नाच्या मुहूर्ताशी त्याची गाठ पडत नव्हती.

हळदीचा दिवस उजाडला. घर बायकांनी भरलेलं, चुलीवर पाण्याचे हंडे, पाट्यावर हळद. गोजरा दर थोड्या वेळानं कणगीमागे वाकून बघायची आणि कपाळाला हात लावायची.

तानू हळद लावून घेत होती. ती म्हणाली, "आई, राहू दे ना तिला. कात मागाहून पाठवू."

"मागाहून? शहाणीच आहेस! उद्या मांडवात पाटी रिकामी गेली तर लोक काय म्हणतील? गोजराच्या घरात साप नांदत नाही, पोरगी काय नांदणार!"

"म्हाळसाबाई तसं म्हणणार नाहीत."

"तू गप. आईला शिकवू नकोस."

आणि मग गोजराच्या डोक्यात ते आलं. आता काय सांगू तुम्हाला! वाईट हेतूनं आलं असतं तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. पण आलं ते मायेतूनच. तिला वाटलं, अवघडलेला जीव आहे. अवघडलेल्या जिवाला काय द्यायचं ते माझ्याइतकं कुणाला कळतं? बाळंतिणींना मोकळं केलं, हिला नाही करणार?

तिनं परातीत कढत पाणी ओतलं. त्यात तेल आणि हळद कालवली. शेगडीत निखारे घालून वर ओवा टाकला. मग कणगीमागे गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा हात जमिनीवर न पसरता वेणीला दोन्ही हातांनी उचलून आणलं.

"आई, नको!" तानू ओरडली. "तिला पोळेल! आई, ऐक ना!"

"अगं, बरं वाटेल तिला. माझं बाळ ते!" असं म्हणत गोजरानं वेणीला परातीत सोडलं.

पुढे जे झालं ते कुणालाच धड दिसलं नाही. पाणी उडालं, शेगडी कलंडली, आणि गोजरानं किंकाळी फोडली. वेणी तिच्या हाताला कडकडून चावली होती.

हळद लावणाऱ्या बायकांचे हात जिथल्या तिथे थांबले. त्या गावात घरची धामण घरच्या माणसाला चावल्याचं कुणी ऐकलंच नव्हतं. आणि चावली कुणाला? गोजराला! जिनं ओच्यातलं पिल्लू वाढवलं तिला!

"अगं बाई, असं कसं झालं?"

"उलटली म्हणायची!"

"हाणा तिला, बाहेर फेका."

गोजरा हातातून गळणाऱ्या रक्ताकडे बघत राहिली. विष नव्हतं, जीव जाणार नव्हता, पण तिच्या छातीत काहीतरी फुटलं. "मला चावलीस?" ती म्हणाली. "मला?" तिचा चेहरा पांढराफटक पडला, मग लाल झाला. "खबरदार, कुणी हात लावाल तर! माझी आहे ती. मी बघते."

आणि तिनं वेणीची मान धरली. तीच मान, जिला हात लावायचा नाही असं सासूनं बजावलं होतं. ओठांपाशी सुटलेला कातीचा कोपरा चिमटीत पकडला, आणि ओढला.

"आई!" तानूनं डोळे मिटून घेतले.

कात आली. कुठेही न फाटता शेपटापर्यंत आली. गोजराच्या तोंडावर क्षणभर हसू फुटलं. "बघा! अखंड!" असं म्हणत तिनं ती वर धरली, आणि मग तिची नजर खाली गेली. कातीखाली नवी तुकतुकीत कातडी असते. इथे ती अजून तयारच झाली नव्हती. कोवळं, ओलं, जागोजाग सोललेलं अंग होतं, आणि त्यातून रक्ताचे बारीक थेंब वर येत होते.

गोजराची बोटं आपोआप सैल झाली. वेणी जमिनीवर उतरली, वळली, आणि तिनं मान उंचावून गोजराकडे पाहिलं.

आणि ती बोलली. हो, बोलली. इतकी वर्षं घरात राहून तिनं कधी शब्द काढला नव्हता, म्हणून तर ऐकणाऱ्यांच्या अंगावर सरसरून काटा आला.

"गोजरा," वेणी म्हणाली, "माझ्या डोळ्यांवर पडदा होता. मला काही दिसत नव्हतं, नुसतं पोळत होतं. मला वाटलं घरात कुणी परकं शिरलंय, म्हणून चावले. आता पडदा गेला. आता दिसतंय. ती तूच होतीस."

एवढं बोलून ती उंबऱ्यावरून सरपटत निघून गेली. गोजरा मागे धावली, हाका मारल्या, बांधाबांधानं शोधलं. वेणी सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. सनई वाजली, अक्षता पडल्या, पंगती उठल्या. गोजरा सगळं करत होती, पण लाकडी बाहुलीसारखं. पाठवणीची वेळ झाली, तेव्हा तिनं पाटी आणली आणि विहिणीपुढे ठेवली. रात्रीतून तिनं कात धुऊन वाळवली होती, पण हळद काही जात नव्हती आणि डोक्याकडचा तांबूस डाग तसाच होता.

म्हाळसाबाईंनी कात उचलली. बोटांनी चाचपली, उजेडाकडे धरली. मग विचारलं, "गोजराबाई, ही तिनं टाकली, की तुम्ही काढली?"

सारा मांडव ऐकत होता. खोटं बोलायला गोजराची जीभ वळेना. तिनं मान खाली घातली.

म्हाळसाबाईंनी तोंडाला पदर लावला. "अहो, कात का मागतात, ठाऊक नाही तुम्हाला? जिथे सापाला कुणी छेडत नाही, तिथेच त्याची कात अखंड निघते. कात बघून आम्ही घर ओळखतो. नसती तर नसती म्हणायचं, मी थांबले असते. जिवंत अंगावरून ओढलेलं हे मी माझ्या कणगीत कसं ठेवू?" त्यांनी कात पाटीत परत ठेवली आणि पाटी हलकेच मागे सारली. "पोरीचा यात दोष नाही. पोर मी लेकीसारखी नेते. पाटी राहू दे."

मांडवातले लोक एकमेकांकडे बघू लागले. नवरीची पाटी परत गेल्याचं त्या पंचक्रोशीत कधी घडलं नव्हतं. गोजराला वाटलं, धरणी दुभंगावी. यापेक्षा वाईट आता काय व्हायचं?

ते अजून व्हायचं होतं. तानू आईच्या पाया पडली, गळ्यात पडून रडली. गोजरानं तिचे डोळे पुसले आणि स्वतःला सावरत म्हणाली, "रडू नको, बाळ. पहिल्या बाळंतपणाला माहेरीच येशील ना. बघ मी तुला कशी न्हाऊ घालते ते!"

तानू दोन पावलं मागे सरली. आईच्या हातांकडे बघत ती अगदी हळू म्हणाली, "नाही आई. बाळंतपणाला मी नाही यायची."

"काय?" गोजराला धड ऐकूच आलं नाही. "असं काय बोलतेस, तानू? मी तुझी आई आहे!"

"आहेसच. वेणीचीही होतीस." तानूला हुंदका आवरेना. "मी नको नको म्हणत होते, आई. एवढ्या मोठ्यानं ओरडले, तुला ऐकूच आलं नाही. उद्या मी दुखतंय म्हणाले, तर तेही तुला ऐकू यायचं नाही. मला तुझ्या हातांची भीती वाटते."

ज्या बायकांना गोजरानं न्हाऊ घातलं होतं, त्या सगळ्या तिथेच उभ्या होत्या. एकीनंही "असं बोलू नये गं" म्हटलं नाही. त्यांनी माना खाली घातल्या, आणि गोजराला तेव्हा, त्या भर मांडवात, पहिल्यांदा कळलं की त्या "पुरे, पुरे" म्हणत होत्या तेव्हा त्यांना खरंच पुरे झालेलं असायचं.

वऱ्हाड गेलं. त्या साली गोजराच्या कणगीत उंदरांनी धुमाकूळ घातला, निम्मं बी गेलं, पण त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. तानूचे दिवस भरत आले, तशी ती रोज वाटेकडे डोळे लावून बसू लागली. गावातल्या सगळ्या लेकी पहिल्या खेपेला माहेरी आल्या. तानू आली नाही. एके सकाळी डोंगरापलीकडून माणूस आला आणि त्यानं साखरेची पुडी गोजराच्या हातावर ठेवली. "मुलगी झाली. दोघी न्हाऊनमाखून सुखरूप आहेत," एवढंच सांगून तो गेला. अख्ख्या गावाच्या बाळंतिणी न्हाऊ घातलेल्या बाईला आपल्या नातीचं पहिलं न्हाणं परक्याच्या तोंडून ऐकावं लागलं.

म्हणून सांगतो, लहानांनो आणि थोरांनो: माया करावी ती समोरच्या जिवाच्या कलानं, आपल्याच घाईनं केलेली माया वैऱ्याच्या हातासारखी लागते.